पेशींना अहो म्हणणाऱ्या बाई

बाई सकाळी आल्या की आधी पेशींना भेटायच्या, मग हेल्मेट काढायच्या.

कर्वेनगरहून त्या स्कूटरवर यायच्या. इतक्या सावकाश, की त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी रेवती म्हणायची, मॅडमच्या मागे पोलीस लागला तर त्याला चालत यावं लागेल. स्कूटर लावून झाली तरी हेल्मेट डोक्यावरच. जिना चढताना हेल्मेट, दाराशी चपला काढून प्रयोगशाळेच्या स्लिपर घालताना हेल्मेट. माणसाच्या मूत्रपिंडातल्या पेशी तिथे एका उबेच्या कपाटात, प्लास्टिकच्या चपट्या बशांमध्ये वाढवलेल्या असायच्या. बाई एक बशी काढायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आणि बघायला वाकायच्या. हेल्मेट टणकन नळीवर आपटायचं. तेव्हा कुठे ते निघायचं.

"कशा आहात?" हे बशीला. "रात्री झोप लागली का? गर्दी फार झालीय का? आज मोकळी जागा देते हं तुम्हाला."

पेशींना त्या अहो म्हणायच्या. विद्यार्थ्यांना अगं-अरे. आमच्या विभागाचे प्रमुख सर कधीकाळी बाईंचेच विद्यार्थी होते, त्यामुळे त्यांनाही अरे. एकदा सरांनी सगळ्यांना एक परिपत्रक पाठवलं, तर बाई भर कॉरिडॉरमध्ये त्यांना म्हणाल्या, "अरे, तुझं टिपण वाचलं. शुद्धलेखन सुधारलंय हो." सर हसले आणि लगेच खोलीत गेले.

सगळ्या इमारतीत बाई अहो म्हणत त्या पेशींना आणि मला.

मी तिथे काचसामान धुते. अजूनही तेच करते. बाई निवृत्त झाल्या त्याला आता दोन पावसाळे झाले. वारज्याहून मी सकाळच्या बसने येते आणि सिंकपाशी उभी राहते. पहिल्या दिवशी कंत्राटदाराच्या माणसाने मला बाईंपुढे उभं केलं, तेव्हा त्यांनी शिक्षण विचारलं. चौथी, असं मी इतकं हळू म्हटलं की मलाच ऐकू आलं नाही. त्या माणसानेच मोठ्याने सांगितलं.

"उत्तम," बाई म्हणाल्या. "पाचवीपासून चुकीचं शिकवायला लागतात."

सगळे मला मावशी म्हणत. बाई म्हणाल्या, "ह्या माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान आहेत. माझ्या आईला माझ्यानंतर इतक्या वर्षांनी बहीण झाली असती तर वर्तमानपत्रात आलं असतं." म्हणून त्या मला नुसतं अहो म्हणायच्या, आणि मी त्यांना बाई. आमचं चांगलं जमलं, कारण त्या एकट्याच दोघींच्या वाटचं बोलायच्या.

माझ्या सिंकवर बाईंच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला होता: "सात वेळा नळाखाली. तीन वेळा डिस्टिल्ड पाण्याने. आठवं विसरलात तर पहिल्यापासून." डिस्टिल्ड म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेलं, कसलाही क्षार नसलेलं पाणी. बाईंचा साबणावर फार राग. साबणाचा एक थेंब जरी बाटलीत राहिला तरी पेशींना तो सहन होत नाही. माझ्या बाटल्यांत पेशींचं खाणं भरून ठेवायचे, एक गुलाबी पाणी. ते पाणी रोज बशांमध्ये घालायचं. बाटली खराब तर खाणं खराब, खाणं खराब तर सगळंच गेलं. म्हणून प्रत्येक बाटली दहा वेळा. बाईंच्या स्वतःच्या घरची भांडी कोण कशी धुतं, हे मी एकदा भीतभीत विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मीच. दोनदा. माझं पोट पेशींइतकं नाजूक नाही."

बाईंचं दुसरं वेड म्हणजे गाळण्या. चहाची गाळणी, पिठाची चाळणी, सोजीची, नारळाचं दूध गाळायची. कुठेही भांड्यांचं दुकान दिसलं की बाई आत. गाळणी हातात घ्यायची, उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटायचा. दुकानदार म्हणायचा, मॅडम, चांगली आहे, एकदम बारीक. बाई म्हणायच्या, "बारीक आहे हो, पण सारखी नाही. हे भोक बघा, ह्यातून उंदीर जाईल." आणि न घेता बाहेर. एकदा रेवतीच्या लग्नाच्या खरेदीला मी त्या दोघींबरोबर तुळशीबागेत गेले होते. रेवतीला घ्यायच्या होत्या बांगड्या. बाईंनी तिला तीन दुकानांत चाळण्या दाखवल्या आणि शेवटी एक घेऊन दिली. आहेर म्हणून. रेवतीच्या सासूने ती अजून वापरायला काढलेली नाही, देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहे म्हणे, कारण मोठ्या शास्त्रज्ञांनी दिलेली आहे.

गाळण्यांचं वेड का, ते मला एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कळलं. मी विचारलं नव्हतं. बाईंच्या पर्समध्ये साबुदाण्याची पुडी होती, एवढंच कारण पुरलं.

त्यांनी रेवतीला आणि मला एका मोठ्या ट्रेवर समोरासमोर उभं केलं. "बोटांत बोटं घाला. दोघींनी. तळवे वर. घट्ट." आम्ही घातली. मला फार लाज वाटत होती. रेवती शिकलेली मुलगी, माझी बोटं पाण्याने सुरकुतलेली. बाईंना त्याचं काही नाही.

"मूत्रपिंडात रक्त गाळायच्या बारीक बारीक गाळण्या असतात," त्या म्हणाल्या. "त्यांच्यावर ह्या आपल्या पेशी पाय पसरून बसलेल्या असतात. एकीच्या पायांत दुसरीचे पाय अडकवलेले. मधे जी फट राहते, तिच्यात प्रथिनं. इकडच्या पायातलं प्रथिन तिकडच्या पायातल्याला धरतं. त्यांनी एकमेकांना धरलंय ना, तीच जाळी. दुसरी जाळी नाहीये तिथे. कळलं? धरणं हीच गाळणी."

मग त्यांनी आमच्या हातांवर साबुदाणा ओतला आणि त्यावर तांब्याने पाणी. पाणी खाली गेलं, साबुदाणा बोटांवर राहिला.

"हे निरोगी. आता भांडा."

आम्ही बोटं आणखी घट्ट धरली.

"अहो, भांडा. सासू आठवा."

रेवतीचं तेव्हा लग्न व्हायचं होतं. ती म्हणाली, मॅडम, मला सासू नाही. बाई म्हणाल्या, "मग ह्यांची घे." त्यावर आम्हाला असं हसू फुटलं की बोटं सुटली आणि सगळा साबुदाणा ट्रेमध्ये.

"हा आजार," बाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. "पाणी जायला हवं ते जातंच, पण रक्तातलं चांगलं प्रथिनही त्याबरोबर निघून जातं. लघवीला फेस येतो. सकाळी लेकराचे डोळे सुजलेले दिसतात. आई म्हणते, झोप जास्त झाली. मग पाय सुजतात, पोट फुगतं. तेव्हा दवाखान्यात आणतात."

तेवढ्यात प्रमुख सर दारात आले आणि काय चाललंय म्हणून विचारलं.

"मूत्रपिंड निकामी झालंय," बाई म्हणाल्या. "तू जा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातून खिचडी आणली. तोच साबुदाणा. "आजारी मूत्रपिंड, दाण्याचं कूट घालून," असं म्हणत सगळ्यांना वाढली. छान मोकळी झाली होती. रेवतीने दोनदा घेतली.

बाई शोधत होत्या ते असं. काही मुलांच्या रक्तातच असं काही तरी असावं, की ते पेशींच्या ह्या धरण्याच्या प्रथिनांवर जाऊन बसतं आणि हात सोडवतं. एका रुग्णालयातून अशा मुलांच्या रक्ताचा पिवळसर, पातळ भाग चिमुकल्या नळ्यांमध्ये यायचा आणि बर्फाच्या कपाटात राहायचा. तो थेंब-थेंब पेशींवर घालायचा आणि बघायचं, धरून राहतात की सुटतात. शेजारच्या बशीत निरोगी माणसाचं रक्त घालायचं. तिथे पेशींनी धरून राहायला हवं. ते निरोगी रक्त बाई स्वतःचंच द्यायच्या. म्हणायच्या, माझ्याइतकं चिवट दुसरं कुणी नाही इथे.

आणि दसऱ्यानंतर असं झालं की सगळ्याच पेशी सुटायला लागल्या.

आजारी मुलांच्या रक्ताने सुटल्या, बाईंच्या रक्ताने सुटल्या, काहीच घातलं नाही त्या बशीतही सुटल्या. रेवती सकाळी बघायची तर गोल गोल होऊन तरंगत असायच्या. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. बाई बशीपुढे वाकून विचारायच्या, "काय झालं? आमचं काही चुकलं का?" उबेचं कपाट तपासलं. नव्या पेशी मागवल्या. त्याही सुटल्या. मुलांच्या रक्ताच्या नळ्या मात्र एकेक करून संपत होत्या. त्या परत मिळणार नव्हत्या, कारण औषध सुरू झाल्यावरचं रक्त चालत नाही, आधीचंच लागतं. शेवटी सहा वर्षांच्या एका मुलीची एकच नळी उरली.

मग सगळ्यांच्या नजरा सिंककडे वळल्या.

त्यात नवल नव्हतं. काही बिघडलं की धुणाऱ्याकडे बघतात, घरीदारी तसंच असतं. प्रमुख सर येऊन मला म्हणाले, साबण नीट धुता का? मी हो म्हटलं. नक्की का? मी पुन्हा हो म्हटलं. ते गेले आणि दोन दिवसांनी कंत्राटदाराच्या माणसाचा मला फोन आला, की एक तारखेपासून तुमच्या जागी दुसरी बाई येईल, तुम्हाला दुसरीकडे कुठे तरी झाडूपोछ्याचं बघतो.

घरी मी कुणाला सांगितलं नाही. ह्या कामाआधी मी चार घरची धुणीभांडी करत होते. लोक वाईट नव्हते. पण इथे एक सिंक माझं होतं. बाटल्या उलट्या लावायची माझी पद्धत होती, मोठ्या मागे, लहान पुढे, आणि ती पद्धत कुणी मोडत नव्हतं. शिकलेली माणसं माझ्या हातच्या बाटलीवर भरवसा ठेवत होती. ती जागा जाणार ह्याचं इतकं नाही, पण घाणेरडं धुते म्हणून जाणार, हे मला गिळवत नव्हतं.

बाईंना ते कळल्यावर त्यांनी त्यांच्या पद्धतीने चौकशी केली. एका शुक्रवारी त्या स्टूल घेऊन सिंकपाशी येऊन बसल्या, मांडीवर वही, हातात पेन्सिल. म्हणाल्या, "धुवा. मी नाहीये असं समजा." आणि मोठ्याने मोजायला लागल्या. एक. दोन. तीन. चार. प्रत्येक बाटलीला दहापर्यंत. मधे चहा आला तर हाताने थांबा म्हणून खूण केली आणि सातवरून पुढे गेल्या. दुपारपर्यंत सगळी प्रयोगशाळा मनात मोजत होती. रेवती जेवताना घास मोजायला लागली.

संध्याकाळी बाई उठल्या, पाठ सरळ केली आणि सरांच्या दारात उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्यांचे दहा म्हणजे दहा. तुझे दहा किती असायचे ते मला आठवतंय."

तरी एक तारीख काही टळली नाही. सर म्हणाले, समोर बसल्यावर कुणीही नीट धुईल.

आता खरी गोष्ट सांगायची तर ती शनिवारची होती, आणि बाई बसल्या शुक्रवारी.

दसऱ्याच्या सुमाराला आमच्या इमारतीला टँकरचं पाणी यायला लागलं होतं. त्या पाण्यात क्षार फार. बाटल्यांवर पांढरा थर धरायचा, घासून जात नसे. बाईंना तो दिसला. त्या जायच्या घाईत होत्या, हेल्मेट घातलेलं, एका हातात डबा. त्यांनी सिंकखालच्या कपाटातून एक मोठी बरणी काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, क्षार काढायची पूड आहे, दर शनिवारी मोठ्या बाटल्यांत दोन-दोन चमचे घालून पाणी भरून ठेवा, सोमवारी ओतून द्या. मी कितीदा धुऊ म्हणून बोटं दाखवून विचारलं. त्या म्हणाल्या, "दोनदा पुरे. साबण थोडाच आहे? डिस्टिल्ड पाणी जपून वापरा, यंत्र बिघडलंय." आणि जिना उतरल्या.

ज्या बाई साबणासाठी दहा म्हणायच्या, त्यांनी पुडीला दोन म्हटलं. मला ते जरा चमत्कारिक वाटलं होतं. पण त्यांना माहीत असेल, असं म्हणून मी दोनदा धुतल्या. बाटल्या आरशासारख्या लख्ख झाल्या. रेवतीने कौतुकही केलं.

ह्या पुडीचा आणि पेशी सुटण्याचा काही संबंध असेल हे माझ्या मनात आलं नाही, खोटं कशाला लिहू. मला फक्त साबणाचं विचारत होते, आणि साबण मी नीट धूत होते.

शुक्रवारनंतरच्या सोमवारी कॉलेजच्या मुली प्रयोगशाळा बघायला आल्या. मुली आल्या की बाई खुलायच्या. त्या सिंकच्या शेजारच्याच टेबलापाशी त्यांना दाखवत होत्या. काचेवर नुसत्या वाढवायच्या, रक्ताबिक्ताच्या कामाच्या नसलेल्या काही पेशी होत्या, त्यांचं खाणं लहान बाटल्यांत असायचं, त्या अजून तग धरून होत्या. एकमेकींना धरून बसलेल्या. बाईंनी एका लहान बाटलीतलं पाण्यासारखं औषध त्यांच्यावर घातलं आणि मुलींना एकेक करून बघायला लावलं. थोड्याच वेळात पेशी गोल होऊन सुट्या झाल्या.

"ह्यांचे हात कशाने घट्ट बसतात?" बाई विचारत होत्या. "ह्यातल्या बऱ्याच प्रथिनांना कॅल्शियम लागतं. दारात खिट्टी घालावी तसं. हे औषध कॅल्शियम पकडून बाहेर काढतं. खिट्टी गेली की दार उघडलं. कॅल्शियम म्हणजे काय? दूध नका सांगू, सगळे दूधच सांगतात. नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमतो ना? त्यातसुद्धा तेच."

हे बाई स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

माझे हात पाण्यात तसेच राहिले.

मुली गेल्यावर मी ती लहान बाटली बघितली. चिठ्ठीवर चार मोठी इंग्रजी अक्षरं होती. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षरं ओळखू येतात. ती चार मी पेनने तळहातावर काढून घेतली, खाली बसून कपाट उघडलं आणि बरणी फिरवली. पुढे बरंच काय काय लिहिलेलं होतं, पण सुरुवातीला तीच चार, त्याच क्रमाने. बरणीच्या तळाशी ओलसर पुडीचा गोळा झाला होता. ही पूड पाण्यात लवकर विरघळत नाही, हे मी दर सोमवारी बघत होते. बाटलीच्या बुडाशी पांढरं राहायचं. दोन खंगाळण्यांत ते सगळं जात असेल का, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

बाईंच्या डोक्यात एका कप्प्यात होती क्षार काढायची पूड आणि दुसऱ्या कप्प्यात होतं पेशी सोडवायचं औषध. दोन्ही कप्पे त्या रोज उघडत होत्या, पण एका वेळी एकच.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, शेवटची नळी वितळवायची होती. गुलाबी पाणी माझ्या लख्ख बाटल्यांत भरून तयार होतं.

मी बाईंच्या खोलीपाशी गेले. त्या म्हणाल्या, "बोला." मी म्हटलं, चहा आणू का? त्या म्हणाल्या, आणा. मी आणला. अर्ध्या तासाने पुन्हा गेले. "बोला." मी म्हटलं, फिनेल संपलंय. त्या म्हणाल्या, मी फिनेल पीत नाही, स्टोअरला सांगा. बाहेर येऊन मी भिंतीला टेकून उभी राहिले. बोलले तर मी बाईंवर ढकलते आहे असं होणार. जिला काढायचं ठरलंय ती बाई शास्त्रज्ञांची चूक काढते, कोण ऐकेल? आणि नाही बोलले तर उद्या त्या मुलीची नळी जाणार, आणि तीही माझ्याच नावावर.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा काहीच बोलले नाही. एका हातात बरणी होती, एका हातात लहान बाटली. दोन्ही टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या, चिठ्ठ्या त्यांच्याकडे करून.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "हे काय?"

मी म्हटलं, "ही पूड आपण दिली होती. मोठ्या बाटल्यांना. शनिवारी भिजवायला."

"हो. मग?"

"दोनदा धुवायला सांगितलं होतं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग बरणीकडे. मग लहान बाटलीकडे. त्यांनी बरणी उचलली, झाकण काढलं, आत बघितलं, झाकण लावलं. गाळणी बघताना मिटायच्या तसा एक डोळा मिटला होता.

"किती शनिवार झाले?"

"सहा."

"आणि पेशी सुटायला लागल्या त्याला?"

"तेवढेच."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. मला वाटलं आता रागावतील. त्या म्हणाल्या, "अहो, मघाशी मी त्या मुलींना नळाच्या तोंडाचं उदाहरण दिलं ना?"

मी मान हलवली.

"तुम्ही तिथेच होतात?"

"हो."

"आणि मीही तिथेच होते," बाई म्हणाल्या. "कमाल आहे."

त्या उठल्या आणि मला घेऊन थेट प्रमुख सरांच्या खोलीत गेल्या. मी दाराशीच थांबत होते, तर कोपराला धरून आत ओढलं. सरांना त्यांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. पूड कुणी दिली, किती दिली, दोनदा कुणी सांगितलं. स्वतःचं नाव त्या प्रत्येक वाक्यात घेत होत्या. सर ऐकत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, मग सहा आठवडे ह्या गप्प का बसल्या?

"अरे, आपण कपाट तपासलं, पाणी तपासलं, पेशी बदलल्या," बाई म्हणाल्या. "मी दिवसभर स्टुलावर बसून ह्यांचे हात मोजले. तू येऊन साबणाचं विचारलंस. ह्या बाटल्यांचं तुम्ही काय काय करता, हे ह्यांना कोणी विचारलं? तू? मी? चौथी शिकलेल्या बाईने आपली चूक काढायला सहा तास घेतले. आपल्याला सहा आठवड्यांत जमलं नाही. आता त्या कंत्राटदाराला फोन लाव. माझ्यासमोर लाव."

सरांनी फोन लावला. मी तिथेच उभी होते, तरी नीट ऐकू आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं की मला ऐकू कमी येतं.

मंगळवारचा प्रयोग बाईंनी पुढे ढकलला. सगळं गुलाबी पाणी ओतून दिलं. शेजारच्या विभागातून डिस्टिल्ड पाण्याचे कॅन त्या स्वतः ढकलगाडीवर घालून घेऊन आल्या. गाडीचं एक चाक अडत होतं, तर गाडीलाही अरे-तुरे केलं. मी बाटल्या धुतल्या. रेवतीने नवीन खाणं बनवलं. आठवडाभर आधी नुसत्या बशा ठेवून बघितल्या. पेशी बसल्या, पसरल्या, एकमेकींना लागून राहिल्या. सकाळी बाई वाकल्या, हेल्मेट आपटलं, आणि आतून आवाज आला, "आलात का परत? फार उपकार झाले."

मग ती शेवटची नळी वितळवली. तीन बशा ठेवल्या. एकीत नुसतं गुलाबी पाणी, एकीत बाईंचं रक्त, एकीत त्या मुलीचं.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा रेवती सूक्ष्मदर्शकापाशी उभी होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. पहिल्या दोन बशांतल्या पेशी धरून होत्या. तिसरीतल्या सुटल्या होत्या. सुटल्या, मॅडम, सुटल्या, असं ती म्हणत होती. इतके दिवस सुटल्या की रडायची, आज सुटल्या म्हणून टाळ्या वाजवत होती.

बाईंनी तिन्ही बशा दोन-दोनदा बघितल्या. एकदाच झालंय, पुन्हा करावं लागेल, नवीन रक्त मिळालं तर, एवढं म्हणाल्या. मग रेवतीकडे वळल्या.

"जरा हळू हस. सहा वर्षांची मुलगी आहे ती."

बाईंनी मला बोलावलं आणि जागा करून दिली. मी हात पुसून वाकले. आधी त्यांची स्वतःची बशी दाखवली. पेशी फरसबंदीसारख्या एकीला एक लागून बसल्या होत्या. मग तिसरी. गोल गोल, प्रत्येक वेगळी, मधे नुसतं पाणी.

"ही तुमची चूक नाही," बाई म्हणाल्या. "माझीही नाही. बाटली स्वच्छ आहे."

मला हलकं वाटायला हवं होतं. माझी जागा राहिली होती, माझं नाव राहिलं होतं. मी त्या गोल पेशींकडे बघत राहिले. आता ह्यांनी धरावं म्हणून मी कितीही वेळा धुतलं असतं तरी उपयोग नव्हता.

बाईंनी बशी काढून घेतली. रुग्णालयातल्या डॉक्टरांना कळवते म्हणाल्या आणि फोन लावला. पलीकडून लवकर कोणी उचलत नव्हतं. फोन कानाशी धरून त्या उभ्या होत्या, आणि दुसरा हात बशीच्या झाकणावर ठेवला होता, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.